जड क्लासिक मोटारींचे ब्रेक : ड्रम राखावेत की डिस्क बसवावेत?

पन्नास-साठच्या दशकातील एखादी अवजड अमेरिकन मोटार विकत घेतल्यावर किंवा वडिलोपार्जित गाडी पुन्हा रस्त्यावर आणल्यावर मालकासमोर पहिल्या काही महिन्यांतच एक प्रश्न उभा राहतो. इंजिन सुरू झाले, रंग झाला, क्रोम चकाकले. पण गाडी थांबणार कशी? चारही चाकांना असलेले मूळ ड्रम ब्रेक दुरुस्त करून तेच वापरायचे, की निदान पुढच्या चाकांना आधुनिक डिस्क ब्रेक बसवायचे? जगभरच्या क्लासिक मोटारींच्या वर्तुळात हा वाद कित्येक वर्षे चालू आहे आणि दोन्ही बाजूंना कडवे अनुयायी आहेत. मुंबईशी या विषयाचे नाते जुने आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणी कारखाना काढला आणि तो १९५४ पर्यंत चालला. कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या मोटारींची जुळणी केली. या शहरातील जुन्या गॅरेजांमध्ये आजही अशा गाड्या दिसतात, त्यामागे हा इतिहास आहे.

'जड' म्हणजे किती जड, हे आधी पाहू. आपल्या परिचयाच्या प्रीमियर पद्मिनीचे वजन नऊशे किलोंच्या आसपास होते, अँबॅसेडरचे अकराशे किलोंच्या घरात. या दोन्ही गाड्यांना वर्षानुवर्षे चारही बाजूंना ड्रम ब्रेकच होते आणि त्यांवर लाखो लोकांनी आयुष्यभर प्रवास केला. १९५९ ची शेव्हरले इम्पाला मात्र सोळाशे ते सतराशे किलोंची आहे. त्याच वर्षीची कॅडिलॅक दोन टनांच्या पुढे जाते आणि १९६१ नंतरची चार दरवाजांची लिंकन कॉन्टिनेन्टल सव्वादोन टनांहून अधिक भरते. त्यात सहा माणसे आणि सामान घातले, की पद्मिनीच्या जवळजवळ तिप्पट वस्तुमान थांबवण्याचे काम ब्रेकवर येते.

ब्रेकचे काम उष्णतेचे

ब्रेक गाडी थांबवतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतो आणि ती उष्णता हवेत सोडून देतो. दोन टनांची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवली, तर सुमारे ७७० किलोज्यूल उष्णता तयार होते. मुंबईतल्या साध्या तापमानाचे अडीच लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता आहे आणि ती चार-पाच सेकंदांत निर्माण होते. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. ताशी ६० किलोमीटरला जी गाडी सहज थांबते, तीच १२० ला अगदी निराळी वागते, याचे कारण हेच.

ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे साधारणपणे दोनतृतीयांश काम पुढच्या चाकांना करावे लागते. म्हणजे वरच्या उदाहरणात पुढच्या प्रत्येक ड्रमच्या वाट्याला अडीचशे किलोज्यूल येतात. ड्रमचे ओतीव लोखंड दहा-अकरा किलोंचे धरले, तर एका थांबण्यात त्याचे तापमान ४५ अंशांच्या आसपास वाढते. एकदा थांबल्याने काहीच बिघडत नाही. पण महामार्गावर पाठोपाठ पाच वेळा असे थांबावे लागले, तर मधल्या वेळात जेवढे निवेल तेवढे वजा जाता तापमान दोनशे अंशांकडे सरकते. ब्रेक फेड होण्याची, म्हणजे पेडल दाबूनही गाडी न थांबण्याची, गोष्ट इथून सुरू होते.

घाटाचे गणित याहून गंभीर आहे. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. दोन टनांच्या मोटारीसाठी ही ऊर्जा ताशी १०० वेगावरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी भरते. पाण्याच्याच हिशेबात सांगायचे तर तीस लिटरांहून अधिक पाणी उकळेल. त्यातला काही भाग हवेचा रोध आणि इंजिनाचा रोध घेतात. परंतु त्या काळच्या शेव्हरलेमधील पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अवघ्या दोन गिअरचा होता. तो वरच्या गिअरमध्ये ठेवून घाट उतरणाऱ्या चालकाला इंजिनाची मदत फारशी मिळत नाही आणि सारा भार ब्रेकवर पडतो.

ड्रमची बुद्धी आणि ड्रमचा दोष

ड्रम ब्रेक ही मागासलेली यंत्रणा आहे, असा एक समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. ड्रममध्ये एक फार हुशार युक्ती दडलेली आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात. पेडल दाबले, की व्हील सिलिंडर त्यांना बाहेर ढकलतो आणि त्यांवरचे लायनिंग ड्रमच्या आतील पृष्ठभागाला घासते. पुढच्या शूला फिरणारा ड्रम स्वतःच आत ओढून घेतो आणि आणखी घट्ट आवळतो. अमेरिकन मोटारींत सर्वाधिक वापरल्या गेलेल्या बेंडिक्सच्या रचनेत तर दोन्ही शू एकमेकांना खालच्या बाजूने जोडलेले असतात. पहिला शू आवळला गेला की तो दुसऱ्याला रेटतो. परिणामी पायाच्या थोड्या दाबात प्रचंड रोध मिळतो. दोन टनांची गाडी बूस्टरशिवायही सामान्य माणसाच्या पायाने थांबू शकत होती, ती या युक्तीमुळे.

पण दोषही याच युक्तीच्या पोटात आहे. लायनिंग तापले की त्याचे घर्षण कमी होते. डिस्क ब्रेकमध्ये घर्षण एक पंचमांशाने घटले, तर रोधही तेवढाच घटतो. बेंडिक्स ड्रममध्ये मात्र घर्षणच घर्षणाला वाढवत असल्याने घट त्याहून पुष्कळ अधिक होते. शिवाय चार चाकांचे लायनिंग अगदी एकसारखे तापत नाही. एका बाजूचा ड्रम किंचित तेलकट, किंचित ओला किंवा किंचित जास्त गरम असला, की दोन बाजूंच्या रोधात मोठा फरक पडतो आणि गाडी एका बाजूला ओढते. जुन्या अमेरिकन मोटारींचे चालक जोराने ब्रेक दाबताना स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरत, ते उगाच नव्हे.

दुसरी अडचण भूमितीची. गरम झालेला ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर जातो. त्यामुळे पेडल खाली खाली जाऊ लागते. डिस्क मात्र तापली की जाड होते आणि पॅडच्या जवळ येते. तिसरी गोष्ट पाण्याची. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली, तर ड्रममध्ये पाणी शिरते आणि सहजी बाहेर पडत नाही. पुढचे काही थांबणे भगवान भरोसे. उघड्यावर फिरणारी डिस्क पाणी झटकून टाकते आणि पॅड उरलेले पुसून घेते. जून ते सप्टेंबरच्या मुंबईचा विचार केला, तर डिस्कच्या बाजूचा हा सर्वांत वजनदार मुद्दा ठरावा.

अमेरिकनांनी उशीर का केला?

डिस्क ब्रेक काही कालपरवाचा नव्हे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी त्याचे एकस्व १९०२ मध्ये घेतले; फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांचा ड्रम ब्रेकही त्याच वर्षाचा. पुढची पन्नास वर्षे ड्रमने गाजवली. १९५३ च्या ल मांस शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जग्वार सी-टाइप विजयी झाली आणि त्या शर्यतीत विजेत्याचा सरासरी वेग प्रथमच ताशी १०० मैलांच्या पुढे गेला. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उशिरा ब्रेक दाबण्याची मुभा जग्वारच्या चालकांना मिळत होती. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस आली आणि पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक सामान्य ग्राहकाच्या मोटारीत मोठ्या प्रमाणावर पोहोचले. ट्रायम्फ टीआर३ आणि जग्वार एक्सके१५० यांनीही त्याच दशकात हा मार्ग धरला.

अमेरिकेत प्रयोग झाले नाहीत असे नाही. १९४९ च्या क्रायस्लर क्राउन इम्पीरियलला एका वेगळ्याच रचनेचे डिस्क ब्रेक होते. बंद डब्यात दोन तबकड्या बाहेरच्या बाजूला रेटल्या जात. ही रचना महागडी ठरली आणि मागे पडली. पुढे १९५६ ते १९६२ या काळात क्रायस्लरने पुढच्या चाकांना दोन स्वतंत्र सिलिंडरांचे ड्रम वापरले. ब्यूकने १९५८ मध्ये कंगोरेदार ॲल्युमिनियमचे, आतून लोखंडी अस्तर असलेले ड्रम आणले. ॲल्युमिनियम उष्णता वेगाने बाहेर टाकत असल्याने हे ड्रम इतके नावाजले गेले, की हौशी लोक ते काढून आपल्या दुसऱ्या गाड्यांना बसवू लागले. पॉन्टिॲकने १९६० पासून काही गाड्यांवर आठ बोल्टांचे चाक दिले, त्यात ॲल्युमिनियमचा ड्रम चाकाच्या मध्यभागी उघडाच दिसे.

याच काळात एक उलट पाऊलही पडले. १९५७ च्या सुमारास गाडी ठेंगणी दिसावी म्हणून अनेक कंपन्यांनी चाकांचा व्यास १५ इंचांवरून १४ इंचांवर आणला. ड्रम चाकात अधिक कोंडला गेला आणि त्याला मिळणारी हवा घटली. गाड्या अधिक जड आणि इंजिने अधिक शक्तिशाली होत असतानाच ब्रेकचा श्वास कोंडला, हे त्या दशकाच्या अमेरिकन मोटारउद्योगाचे, सौम्य शब्दांत सांगायचे तर, विचित्र वर्तन होते. शोरूममध्ये मागचे उंच पंख विकले जात. ब्रेक पाहायला कोणी वाकत नसे.

बदल आला तो साठच्या दशकात. १९६३ च्या मॉडेलच्या स्टुडबेकर अवांतीला पुढे कॅलिपरचे डिस्क ब्रेक होते. १९६५ मध्ये शेव्हरले कॉर्व्हेटला चारही चाकांना, तर लिंकन कॉन्टिनेन्टल आणि फोर्ड थंडरबर्ड या वजनदार गाड्यांना पुढच्या चाकांना डिस्क मूळ स्वरूपातच मिळाले. १९६७ मध्ये जनरल मोटर्सच्या मोठ्या गाड्यांवर ते जादा पैसे देऊन घेता येऊ लागले. म्हणजे १९६६ पर्यंतची इम्पाला घेतली तर ड्रमच. त्यानंतरची असेल तर पहिल्या मालकाने काय निवडले त्यावर.

ड्रमच्या बाजूने एक नाव मात्र आवर्जून घ्यायला हवे. रोल्स रॉइसने १९६५ च्या सिल्व्हर शॅडोपर्यंत ड्रम सोडले नाहीत. दोन टनांच्या सिल्व्हर क्लाउडला गिअरबॉक्सवरून चालणारा यांत्रिक सर्व्हो पेडलच्या मदतीला होता आणि ते ब्रेक आपल्या काळात उत्तम गणले गेले. ड्रम नीट घडवला, नीट राखला, तर जड मोटारही तो शिस्तीत थांबवतो याचा हा पुरावा आहे.

डिस्कने अंतर खरोखर कमी होते का?

डिस्क बसवली की गाडी निम्म्या अंतरात थांबू लागते, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. हा समज गोड असला तरी खरा नाही. उत्तम स्थितीतील ड्रम ब्रेक चारही चाके जाम करू शकतात. चाक जाम झाले म्हणजे ब्रेकची मर्यादा संपली आणि टायरची सुरू झाली. एकदाच, थंड ब्रेकने, सरळ कोरड्या रस्त्यावर थांबायचे असेल, तर डिस्क आणि ड्रम यांतील फरक पुष्कळदा टायरमधील फरकापेक्षा कमी असतो. जुन्या पद्धतीचे, आडव्या-तिरक्या धाग्यांचे टायर काढून चांगले रेडियल टायर घातले, तर कित्येक गाड्यांच्या थांबण्यात लगेच सुधारणा दिसते.

डिस्कचा खरा लाभ पाचव्या-सहाव्या थांबण्याला, घाटाच्या शेवटच्या वळणावर आणि भर पावसात दिसतो. शिवाय पायाचा दाब आणि रोध यांचे प्रमाण डिस्कमध्ये सरळ असते. किती दाबले की किती थांबेल, याचा अंदाज चालकाला येतो, आणि चाक जाम होण्याच्या सीमेवर ब्रेक धरून ठेवणे सोपे जाते. समोरच्या आधुनिक मोटारीला एबीएस असते आणि ती अनपेक्षितपणे जागच्या जागी थांबते. तिच्या मागे दोन टनांची जुनी कॅडिलॅक असेल, तर हा अंदाज लाखमोलाचा आहे.

आधी मास्टर सिलिंडर

या साऱ्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते आणि प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक मोटारींत चारही चाकांसाठी एकच मास्टर सिलिंडर आणि ब्रेक ऑइलचा एकच मार्ग असतो. कुठेही एक नळी फुटली, एखाद्या व्हील सिलिंडरचे रबर गेले, की पेडल थेट तळाला जाते आणि चारही ब्रेक एकदम नाहीसे होतात. उरतो तो हँडब्रेक. पुढचा आणि मागचा मार्ग वेगळा करणारा दुहेरी, म्हणजे टँडम मास्टर सिलिंडर कॅडिलॅकने १९६२ मध्ये दिला. अमेरिकन सरकारने तशी व्यवस्था जानेवारी १९६८ पासून सक्तीची केली.

पन्नासच्या दशकातील काही कॅडिलॅक, ब्यूक आणि लिंकन गाड्यांवर बेंडिक्सचा 'ट्रेडल-व्हॅक' नावाचा बूस्टर होता. त्यात बूस्टर आणि मास्टर सिलिंडर एकाच भांड्यात होते. त्याचे सील खराब झाले की ब्रेक ऑइल इंजिनात ओढले जाई किंवा पेडल पूर्ण जाई. अशी गाडी ताब्यात असेल, तर ड्रम की डिस्क हा विचार नंतर. आधी हा भाग उत्तम कारागिराकडून नव्याने बांधून घ्यावा किंवा बदलावा. चारही ड्रम तसेच ठेवून केवळ टँडम मास्टर सिलिंडर बसवणे हा कमी खर्चाचा आणि गाडीच्या रूपाला धक्का न लावणारा उपाय आहे. डिस्कवर मोठी रक्कम खर्च करून एकेरी मास्टर सिलिंडर तसाच ठेवणाऱ्या मालकाने पैसे चुकीच्या जागी घातले, असेच म्हणावे लागेल.

बदल करताना काय काय बदलते

डिस्क बसवणे म्हणजे ड्रम काढून तिथे तबकडी लावणे नव्हे. स्टब ॲक्सलवर बसणारे भक्कम ब्रॅकेट, हब, बेअरिंग, डिस्क, कॅलिपर, लवचीक नळ्या, मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि व्हॉल्व्ह हा सारा संच एकमेकांशी जुळणारा लागतो. शेव्हरले, फोर्ड अशा लोकप्रिय मोटारींसाठी असे तयार संच अमेरिकेत बनतात. डिसोटो किंवा पॅकार्डसारख्या गाडीच्या मालकाला निवड फार थोडी उरते. मग मिळेल त्या गाडीचे कॅलिपर आणून वेल्डिंगच्या ब्रॅकेटवर बसवण्याचा मोह होतो. पूर्ण ताकदीने ब्रेक दाबल्यावर जो भाग सारा पीळ सोसणार आहे, तो नजरेच्या अंदाजाने जोडणे हा जिवाशी खेळ आहे.

ड्रम स्वतःला आवळून घेतो, डिस्क घेत नाही. त्यामुळे तेवढ्याच रोधासाठी डिस्कला ब्रेक ऑइलचा दाब पुष्कळ जास्त लागतो. जड गाडीला म्हणूनच बूस्टर जवळजवळ अपरिहार्य ठरतो. बूस्टर इंजिनाच्या निर्वातावर चालतो. शर्यतीच्या धाटणीचा कॅमशाफ्ट बसवलेल्या इंजिनात निर्वात अपुरा पडतो आणि बूस्टर नावापुरता उरतो. पेडलच्या तरफेचे प्रमाणही पाहावे लागते. बूस्टर नसलेल्या गाडीत ते साधारण सहास एक असते, बूस्टर असलेल्या गाडीत चारास एकच्या जवळपास. जुन्याच पेडलवर बूस्टर चढवला, तर नुसता पाय टेकवला तरी प्रवासी पुढे आदळतात.

मास्टर सिलिंडरचा व्यास हा असाच नाजूक विषय. कॅलिपरचे पिस्टन मोठे असतात आणि त्यांना ब्रेक ऑइल जास्त लागते. सिलिंडर लहान असेल तर पेडल फार खाली जाते. मोठा असेल तर पेडल दगडासारखे कडक लागते. ड्रमसाठीच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो नळीत प्रति चौरस इंच दहा पौंडांच्या आसपास दाब कायम राखतो, म्हणजे व्हील सिलिंडरचे रबर सैल पडत नाही. डिस्कच्या मार्गावर हाच व्हॉल्व्ह राहून गेला, तर पॅड डिस्कला सतत घासत राहतात, चाक तापते आणि नवे पॅड काही दिवसांत संपतात. गॅरेजमध्ये मग कॅलिपरला दोष दिला जातो! मास्टर सिलिंडर पायाखाली, कॅलिपरच्या पातळीच्या खाली असेल, तर मात्र दोन पौंडांचा सौम्य व्हॉल्व्ह लागतो. नाही तर ब्रेक ऑइल मागे उतरते.

पुढे डिस्क आणि मागे मूळचे ड्रम, ही जोडी सर्वांत प्रचलित आहे. तीत मागच्या ड्रमना जाणारा दाब मर्यादित करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह हवाच. तो नसेल तर जोराने ब्रेक दाबताच मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. पुढची चाके आधी जाम झाली तर गाडी सरळ घसरते. ते वाईट असले तरी फिरण्यापेक्षा बरे. मागेही डिस्क बसवण्याची हौस काहींना असते. मागच्या चाकांच्या वाट्याला काम थोडे आणि हँडब्रेकची व्यवस्था मात्र गुंतागुंतीची, असा हा सौदा आहे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला त्याची गरज क्वचितच असते.

चाकांचा प्रश्न तर अनेकांना संच घरी आल्यावरच कळतो. मूळच्या १४ इंची चाकात कॅलिपर पुष्कळदा मावत नाही. १५ इंची चाके घ्यावी लागतात आणि मग मूळच्या चकचकीत व्हील कॅप बसत नाहीत. काही संचांमुळे चाक प्रत्येक बाजूला अर्धा-पाऊण इंच बाहेर सरकते. टायर मडगार्डला घासतो की नाही, हे स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि गाडीत माणसे बसवून पाहावे लागते.

ड्रमच ठेवायचे असतील तर

पावसाळ्यात न निघणारी, वर्षातून दोन-चार मेळाव्यांना आणि रविवारी सकाळी बाहेर पडणारी गाडी असेल, तर ड्रम ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. मात्र ते खरोखर उत्तम स्थितीत हवेत. ड्रम लेथवर फिरवून गोल करून घ्यावा. परंतु मूळ व्यासापेक्षा सर्वसाधारणपणे दीड मिलिमीटरपलीकडे तो वाढू नये. पातळ ड्रम लवकर तापतो आणि तडकतो. नवे लायनिंग ड्रमच्या गोलाईला घासून बसवून घेणे ही पूर्वीची रीत आता विस्मरणात चालली आहे. ती केली नाही तर लायनिंगचा मधला किंवा टोकाचा भागच टेकतो आणि ब्रेक लागत नाही अशी तक्रार येते. दोन्ही बाजूंचे लायनिंग एकाच जातीचे असावे.

स्वतः समायोजित होणारे ब्रेक बहुतेक अमेरिकन गाड्यांत साठच्या दशकाच्या सुरुवातीला आले. त्याआधीच्या गाडीचे ब्रेक ठरावीक अंतराने हातानेच आवळावे लागतात. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रम उघडल्यावर ती धूळ हवेच्या नळीने फुंकण्याची गॅरेजमधील सवय फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी.

ब्रेक ऑइलकडे दोन्ही पक्षांचे सारखेच दुर्लक्ष होते. ते हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट-३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात ऑइल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल स्पंजासारखे मऊ पडते. किनारपट्टीच्या दमट हवेत महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचे ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे आणि एअर नीट काढावी. सिलिकॉनचे डॉट-५ ऑइल यांच्यात मिसळू नये.

अस्सलपणा आणि कायदा

ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिव्हा' किमान तीस वर्षे जुने आणि ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत राखलेले वाहन ऐतिहासिक मानते. स्पर्धांच्या परीक्षकांसमोर चाकाआडून डोकावणारा कॅलिपर गुण घालवू शकतो. भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी आणि चारचाकी वाहने त्यात येतात. चासिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांतील बदल त्या व्याख्येत बसत नाहीत, आणि अशा वाहनाचा नेहमीच्या किंवा व्यावसायिक वाहतुकीसाठी वापर करता येत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये ठेवण्यात आले आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे आली.

ब्रेकचा उल्लेख या बदलांच्या यादीत नाही. परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आळा घालते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर कडक भूमिका घेतली. बदल सुरक्षिततेसाठी आहे, हे मालकाचे म्हणणे असू शकते. ते तपासणी अधिकाऱ्याला पटेलच असे गृहीत धरू नये. काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घेतलेले बरे. अपघातानंतर दावा नाकारला गेला, तर डिस्कची किंमत फार मोठी पडते.

मग निवड कशी करावी? गाडी सव्वा-दीड टनांच्या आतली आणि शहरापुरती असेल, तर ड्रम आणि टँडम मास्टर सिलिंडर पुरे. दोन टनांची, मुंबई-पुणे किंवा महाबळेश्वरला कुटुंबासह जाणारी, पावसातही निघणारी गाडी असेल, तर पुढच्या चाकांना डिस्क बसवणे शहाणपणाचे. दुर्मीळ आणि अस्सल अवस्थेतील गाडीला मात्र हात लावू नये. तिने घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये, सावकाश उतरावे आणि मागच्या वाहनांचे हॉर्न खुशाल ऐकावेत.

बदल पूर्ण झाल्यावर पहिली चाचणी रिकाम्या, सपाट रस्त्यावर आणि कमी वेगाने घ्यावी. ताशी पन्नासवरून दहापर्यंत मध्यम दाबाने दहा-पंधरा वेळा वेग कमी करावा, मध्ये ब्रेक निवू द्यावेत आणि डिस्क गरम असताना पेडल दाबून उभे राहू नये; असे केल्याने पॅड डिस्कवर एकसारखे बसतात. त्यानंतर जॅकवर चाक उचलून ते हाताने मोकळे फिरते का, नळ्या कुठे घासत नाहीत ना, आणि जोडांमधून ऑइल पाझरत नाही ना, हे तपासावे. पाचशे किलोमीटरनंतर हेच पुन्हा करावे. काढलेले ड्रम, शू, स्प्रिंगा आणि बॅकप्लेट भंगारात देऊ नयेत. तेल लावून, चिठ्ठ्या बांधून पेटीत ठेवाव्यात. पुढचा खरेदीदार पहिल्यांदा तीच पेटी मागतो.